टायरचे दात

वाचकहो, बैल घ्यायला बाजारात गेलेला शेतकरी काय काय बघतो, ते तुम्हांला मी सांगायला नको. खूर बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो, भोवरा कुठे आहे ते बघतो, आणि सगळे झाल्यावर ओठ वर करून दात मोजतो. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे, की जुळून किती वर्षे झाली, हे कळल्याशिवाय कोणी उपरण्याखाली हात घालत नाही. व्यापारी कितीही शपथा घेवो, बैलाचे तोंड खोटे बोलत नाही, असे आमचे वडील म्हणत.

एवढी पारख बघत वाढलेला मी जानेवारी २०१८ मध्ये तालुक्याच्या गावी जाऊन पिकअपचे चार टायर घेऊन आलो. इतर दुकानांपेक्षा टायरमागे दीड हजार रुपये स्वस्त. चाराचे सहा हजार वाचले. टायर कोरे करकरीत, नक्षी खोल, रबराचे बारीक केससुद्धा जागेवर. मी बिल वाचले, पुढच्याला हवा किती मारायची ते विचारले, चहा प्यालो आणि घरी आलो. टायरच्या अंगावर काय लिहिले आहे, ते मात्र वाचले नाही. तिथे काही वाचण्यासारखे असते हेच मला ठाऊक नव्हते.

आमच्याकडे कांदा. उन्हाळ कांदा निघाला की पिकअप रात्रंदिवस पळते. गाडीच्या कागदावर लिहिलेले वजन दीड टन. आम्ही भरायचो पंचवीस क्विंटल, भाव वर असला तर तीससुद्धा. सगळेच भरतात. स्प्रिंगला एक पान जास्तीचे टाकून घेतले की झाले, असा आमचा हिशेब.

मे महिन्यात नात्यातले लग्न संगमनेरला निघाले. वऱ्हाड थोडे, म्हणून आमचीच पिकअप काढली. मालाच्या गाडीत माणसे बसवणे हा गुन्हा आहे आणि तो आम्ही केला, हे आधीच लिहून टाकतो. धाकटा भाऊ गाडी चालवायला, शेजारी आई, मागे आम्ही अकरा जण. सिन्नर ओलांडल्यावर दुपारी दीडच्या सुमारास मागचा डावा टायर बंदुकीसारखा फुटला. गाडी एकदा उजवीकडे गेली, मग डावीकडे, आणि रस्त्याखाली उतरून कलंडली. देवाची कृपा म्हणा, चारी चाके आकाशाकडे झाली नाहीत. बाकीच्यांना खरचटले, आईच्या कपाळाला खोक पडली. भावाची मुलगी मात्र फळीखाली सापडली. बारावीची परीक्षा देऊन बसलेली पोर. डाव्या मांडीचे हाड मोडले. दोनदा शस्त्रक्रिया झाली, आत गज घातला.

दवाखान्याच्या ओसरीत नातेवाईक जमले, आणि अशा वेळी जे व्हायचे तेच झाले. कोणी म्हणाले, गाडी दामटली असणार. कोणी म्हणाले, झोप झाली नसेल. मीही म्हणालो. चार वडीलधाऱ्यांसमोर म्हणालो की, "जरा बेताने चालवायला काय झाले होते?" भाऊ काही बोलला नाही. त्या दिवसापासून त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी दुरुस्त होऊन आली, तरी किल्ली मीच घ्यायची. चाळीस दिवस असे गेले.

चाळीस दिवसांनी आमचे दाजी मुलीला बघायला आले. दाजी एस. टी. च्या कार्यशाळेत टायर विभागात होते. उभी नोकरी टायर उतरवण्यात, तपासण्यात आणि चढवण्यात गेली. चहा झाल्यावर त्यांनी विचारले, "फुटलेला टायर कुठे आहे?" तो पडवीत पडला होता. दाजींनी धोतराचा सोगा खोचला, टायर उजेडात ओढला, ओल्या फडक्याने त्याची बाजू पुसली आणि बोट फिरवत फिरवत एका ठिकाणी थांबले. मग मला हाक मारली.

"पाव्हणं, बैल घेताना दात बघता ना?"

"बघतो की."

"मग याचे का नाही बघितले?"

त्यांच्या बोटाखाली एक लांबट चौकट होती आणि तिच्यात चार इंग्रजी आकडे: ०९१२. दाजींनी सांगितले, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर २०१२ सालच्या नवव्या आठवड्यात कारखान्यातून निघाला. मी तो 'नवा' म्हणून घेतला, तेव्हा त्याचे वय सहा वर्षांना आले होते. सहा वर्षे तो कुठल्या तरी पत्र्याच्या शेडखाली उन्हात तापत पडला होता. दीड हजाराची सवलत कशाची होती, ते मला तेव्हा कळले.

हे चार आकडे, वाचकहो, तुम्ही आज उठून अंगणातल्या गाडीवर बघा. बहुधा डी.ओ.टी. ही इंग्रजी अक्षरे दिसतील, मग कारखान्याच्या खुणांची अक्षरे आणि सगळ्यांत शेवटी हे चार आकडे. काही टायरांवर डी.ओ.टी. नसते, पण आठवडा-वर्षाचे आकडे असतात. एक अडचण आहे. पुष्कळदा हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत, गाडीच्या पोटाकडे बसवलेली असते. तेव्हा बॅटरी घेऊन खाली वाकायचे. नवा टायर घेताना हा त्रास नाही. दुकानात तो मोकळा असतो, दोन्ही बाजू फिरवून बघता येतात. आणि चाराऐवजी तीनच आकडे सापडले, तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. असे टायर जुन्या ट्रॉल्यांखाली मी स्वतः पाहिले आहेत.

रबराचे वय कशाला मोजायचे, नक्षी शिल्लक आहे ना, असे मीही दाजींना विचारले. त्यांनी जे सांगितले ते असे. रबराला ऊन, हवा आणि उष्णता खाते. ते कडक होते, त्याचा चिवटपणा जातो, आणि आतल्या दोऱ्यांना व तारांना धरून ठेवण्याची ताकद कमी होते. वरून नक्षी नवीन, आतून जोड सुटत आलेला. कारखानदार रबरात मेणासारखा पदार्थ घालतात; टायर फिरत राहिला की ते मेण वर येऊन कातडीसारखे राखण करते. उभ्या टायरला तेही मिळत नाही. म्हणून आठ महिने बांधावर उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या टायरला भेगा लवकर पडतात आणि रोज पळणाऱ्या जीपच्या टायरला उशिरा. पुष्कळ कारखाने सांगतात की, पाच वर्षे झाली की टायर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झाली की नक्षी कितीही असो, उतरवावा. सावलीत, थंड जागी नीट ठेवलेला टायर वर्ष-दीड वर्षाचा असला म्हणून तो टाकाऊ होत नाही, हेही दाजींनी सांगितले. पण सहा वर्षांचा माल नव्याच्या भावात, नाहीतर थोड्या सवलतीत, कोणी गळ्यात मारत असेल, तर तो आपण घ्यायचा नाही.

मला वाटले, चला, दोष टायरचा निघाला. पण दाजी तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी टायर उलटा करून आत हात घातला आणि काळा भुगा भरलेले बोट बाहेर काढले. आतल्या अंगाला गोल सुरकुत्यांचा पट्टा होता. "हवा कमी होती," दाजी म्हणाले. भाऊ दारात उभा होता. तो चाळीस दिवसांत पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलला. आदल्या संध्याकाळी पंपावर हवा भरणाऱ्या पोराने त्याला सांगितले होते, उन्हाळा आहे, टायर तापून हवा वाढते, थोडी कमीच ठेवा. आणि त्याने कमी ठेवली होती.

ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून जरा थांबून लिहितो. टायर तापला की आतला दाब वाढतो हे खरे. पण कारखान्याने जो आकडा दिलेला असतो तो थंड टायरचा असतो आणि ती वाढ धरूनच दिलेला असतो. हवा कमी केली तर टायर जास्त चेपतो, प्रत्येक फेऱ्याला त्याची कूस वाकते आणि उलगडते. तार हाताने वीस वेळा वाकवून बघा, कशी तापते ते कळेल. तसा टायर हवा कमी असल्यानेच जास्त तापतो. हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी बघावी. लांबून आल्यावर तापलेल्या टायरमधली हवा सोडून देऊ नये. आणि किती भरावी? तो आकडा टायरवर शोधू नका. टायरच्या कुशीवर इंग्रजीत 'मॅक्स' लिहून जो दाब दिलेला असतो तो टायर सोसू शकेल असा शेवटचा दाब. तुमच्या गाडीला किती लागतो तो आकडा गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत असतो. रिकाम्या गाडीचा वेगळा, भरलेल्या गाडीचा वेगळा. आमची पुस्तिका मुलांनी वह्यांना कव्हर घालायला फाडली होती, ते असो.

मग दाजींनी टायरवरचा तिसरा मजकूर दाखवला. मापाच्या आकड्यांनंतर तिथे ११८/११६ असे लिहिले होते आणि पुढे एल हे अक्षर. मी इतकी वर्षे समजत होतो की हा कारखान्याचा काहीतरी नंबर असेल. तो भार-क्रमांक निघाला. हा आकडा म्हणजे किलो नव्हे. त्याचा एक ठरलेला तक्ता असतो. ११८ म्हणजे १,३२० किलो आणि ११६ म्हणजे १,२५० किलो. दोन आकडे अशासाठी की, पहिला आकडा चाक एकटे असेल तेव्हाचा, दुसरा ट्रकसारखी जोडचाके असतील तेव्हाचा. आमच्या पिकअपला मागे एकेकच चाक. म्हणजे मागच्या दोन टायरांनी मिळून २,६४० किलो उचलायचे. तेही हवा पुरी असेल तर, आणि दिलेल्या वेगाच्या आत. त्यात गाडीचे स्वतःचे मागचे वजन धरायचे आणि मग कांदा. दाजींनी पाटीवर आकडे मांडले. तीस क्विंटलच्या खेपेला हिशेब बाहेर जात होता, तोही रस्त्यातले खड्डे न धरता. लग्नाच्या दिवशी गाडीत वजन फारसे नव्हतेच. पण जानेवारी ते मे आम्ही त्या म्हाताऱ्या टायरांवर जे लादले, त्याने त्यांचे आतले जोड आधीच सुटले होते.

"बारा आणे तुमचं, चार आणे याचं," दाजींनी निकाल दिला आणि हात धुवायला गेले. मी आणि भाऊ तिथेच बसून राहिलो. मी काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही. फार बोललोही नाही. संध्याकाळी किल्ली त्याच्या समोर ठेवली. त्याने ती दुसऱ्या दिवशी उचलली.

त्यानंतर मला हे टायर वाचायचे वेडच लागले. कोणाच्या दारात गेलो की आधी गाडीजवळ वाकतो. बायको म्हणते, लोकांना वाटेल चोर आहे. पण त्यातून जे शिकलो, ते तुमच्या कामाचे आहे.

जीप किंवा मोटारीच्या टायरवर असे काहीतरी दिसेल: २१५/७५ आर १५ १०० एस. टायरवर अर्थात हे सगळे इंग्रजीत असते. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या शेकडा ७५, म्हणजे साधारण १६१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, ज्याच्या आतल्या दोऱ्या काठापासून काठापर्यंत सरळ आडव्या जातात. १५ म्हणजे रीम १५ इंची. एकाच मापात मिलिमीटर आणि इंच का घातले, हे मला अजून कोणी पटेल असे सांगितलेले नाही. पुढचा १०० हा भार-क्रमांक, तक्त्याप्रमाणे ८०० किलो. आणि एस हे वेगाचे अक्षर, ताशी १८० किलोमीटर.

वेगाची अक्षरे साधारण इंग्रजी क्रमानेच वाढतात. एल १२०, एम १३०, एन १४०, पी १५०, क्यू १६०, एस १८०, टी १९०. एच मात्र रांग सोडून पुढे जाऊन बसला आहे; तो २१०. आपण कुठे ताशी १८० ने पळतो, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण हे अक्षर म्हणजे उष्णता सोसण्याची ताकद, आणि ती ताकद टायर नवा असताना, हवा पुरी असताना आणि वजन बेताचे असतानाची. टायर जुना, हवा कमी, वजन जास्त, आणि दुपारचे ऊन, असे चौघे एकत्र आले की त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ पासून तो थेट मुंबईच्या बाजूपर्यंत, ७०१ किलोमीटर जातो. त्या काँक्रीटवर गाडी न थांबता तासन् तास पळते. आपल्या गावच्या रस्त्यावर दर फर्लांगाला खड्डा असल्याने टायरला आपोआप विसावा मिळतो. तिथे तो मिळत नाही. २०२३ साली त्या महामार्गाच्या तोंडाशी टायर तपासून गुळगुळीत टायरांच्या गाड्या माघारी फिरवल्या, तेव्हा पुष्कळ लोक रागावले. मी रागावलो नाही.

गुळगुळीत कशाला म्हणायचे, याचीही खूण टायरवरच असते. कुशीच्या वरच्या कडेला टी.डब्ल्यू.आय. ही तीन अक्षरे किंवा छोटा त्रिकोण शोधा. त्याच्या रेषेत नक्षीच्या खाचेत बघितले की खाली रबराचा एक बारीक उंचवटा दिसेल, शेताच्या सरीत घातलेल्या आडव्या वरंब्यासारखा. नक्षी झिजून त्या वरंब्याला टेकली की टायरचे काम संपले. जीप-मोटारींसाठी ही खोली १.६ मिलिमीटर असते. पावसात टायरखालचे पाणी या खाचांतूनच बाहेर जाते; खाच नसली की चाक पाण्यावर तरंगते आणि ब्रेक लागतो तो नुसता नावाचा.

आता एक फसवणूक सांगतो. जुने टायर विकणारे काहीजण गुळगुळीत टायरला तापलेल्या पात्याने नव्या खाचा पाडून देतात. लांबून नक्षी नवी दिसते. असे खाचे पाडणे फक्त त्याच टायरला चालते, ज्याच्या कुशीवर कारखान्याने 'रीग्रूव्हेबल' असा शब्द छापलेला असतो. ते ट्रक-बसचे असतात, त्यांच्या तळाला त्यासाठी जास्तीचे रबर दिलेले असते. साध्या टायरला खाच पाडली की पाते आतल्या दोऱ्यांपर्यंत जाते. ओळखायचे कसे? खाचेतला तो वरंबा बघा. पात्याने तोही कापला जातो. वरंबा नसलेला टायर हातात आला की तो हलकेच खाली ठेवून घरी यावे. रिमोल्ड केलेला टायर ही गोष्ट वेगळी. दाजींच्या कार्यशाळेत सांगाडा तपासून, चांगला असेल तरच त्यावर नवे रबर चढवत. मलाही रिमोल्डचे वावडे नाही, पण पुढच्या चाकाला नको, आणि सांगाड्याचे वय त्या चार आकड्यांत बघितल्याशिवाय नको.

ट्रॅक्टरवाल्यांनी इकडे लक्ष द्यावे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर १३.६-२८ असे लिहिलेले असते, रुंदी १३.६ इंच, रीम २८ इंच, आणि मधे आर नसून नुसती रेघ असली म्हणजे आतल्या दोऱ्या तिरप्या. शेजारी ए ६ किंवा ए ८ हे वेगाचे चिन्ह सापडेल. ए ६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ए ८ म्हणजे ४०. हा टायर मातीत पकड धरण्यासाठी केलेला आहे. गळीत हंगामात रात्री दोन ट्रॉल्या ऊस लावून, गाणी लावून, डांबरी रस्त्यावर पोरे तो ज्या वेगाने पळवतात, तो त्याचा वेग नव्हे. मागच्या टायरच्या कुशीवर बाणही असतो, तो पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते ती दाखवतो. उलटा बसवला तर दात माती मागे टाकण्याऐवजी अंगावर घेतात आणि शेतात चाक जागेवर फिरत राहते. आमच्या गावात एकाने वर्षभर उलटा टायर चालवला आणि ट्रॅक्टर डिझेल खातो म्हणून मिस्त्रीला शिव्या घातल्या.

ट्रॉलीच्या टायरांबद्दल तर लिहावे तेवढे थोडे. ट्रॉलीला कोणी नवा टायर घालतच नाही. ट्रकने टाकलेला ट्रॉलीला, ट्रॉलीने टाकलेला झोक्याला, अशी आपल्याकडची रीत. पण एक गोष्ट कृपा करून बघा. टायरवर ए.डी.व्ही. ही अक्षरे असतील तर तो जनावराने ओढायच्या गाडीचा टायर आहे. साखर कारखान्यावर ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या आपण पाहतो, त्यांचा. त्यांची मापेही निराळी, ६.००-१९, ७.००-१९, ८.००-१९ अशी. बैलाच्या चालीसाठी केलेला तो टायर. तो ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या छोट्या गाड्यांना लावलेला मी दोन ठिकाणी पाहिला. विचारले तर म्हणाले, टायर तो टायर, गोल आहे ना? मी ती अक्षरे दाखवली. एकाने काढला, दुसऱ्याने नाही.

ट्रकच्या किंवा ट्रॉलीच्या टायरवर १२ पी.आर., १६ पी.आर. असेही असते. पूर्वी टायरच्या आत सुती कापडाचे थर असत, जितके थर तितका टायर दणकट. आता दोऱ्या नायलॉनच्या किंवा पोलादी आणि थर थोडेच, पण आकड्यांची ती जुनी भाषा राहिली. १६ पी.आर. म्हणजे आत सोळा थर आहेत असे नव्हे. सोळा सुती थरांइतकी ताकद, एवढाच अर्थ.

मुलगा शहरात नोकरीला लागला की जुनी मोटार घेतो, आणि मग सुट्टीत ती दारात येते. त्या टायरवर आणखी एक मजकूर दिसण्याचा संभव आहे: ट्रेडवेअर ४००, ट्रॅक्शन ए, टेंपरेचर बी. ही अमेरिकेच्या सरकारने ठरवून दिलेली प्रतवारी. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ जाताना ब्रेक लावला तर पकड किती. त्यात दुहेरी ए सर्वांत वर, मग ए, बी, सी. वळणावरची पकड त्यात मोजलेली नसते. टेंपरेचर म्हणजे वेगात उष्णता सोसण्याची प्रत. ए वरची, सी शेवटची. सी म्हणजे नापास नव्हे, जेमतेम पास. आपल्याकडच्या उन्हात मी सी घेणार नाही. ट्रेडवेअर ४०० म्हणजे चाळीस हजार किलोमीटर, असे एका दुकानात मला छातीठोक सांगितले गेले. ते खरे नाही. टेक्सासमध्ये एक ठरलेला रस्ता आहे, त्यावर ७,२०० मैल गाडी चालवून झीज मोजतात. नमुन्याच्या टायरला १०० मानले तर हा टायर चौपट टिकतो, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय आकडा कारखानाच लावतो, म्हणून एका कारखान्याचा ४०० आणि दुसऱ्याचा ४०० सारखेच असतील असे नाही.

आपल्याकडे मोटारी, दुचाक्या आणि मालगाड्यांच्या टायरवर आय.एस.आय. ची खूण सक्तीची आहे, ती नसेल तर तो टायर घेऊच नये. २०२२ साली केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटारी, बस आणि ट्रकच्या टायरांसाठी ओल्या रस्त्यावरची पकड, रस्त्यावर फिरताना होणारा अवरोध आणि आवाज यांच्या किमान अटीही घातल्या. काही टायरांवर फ्रिजसारखे ताऱ्यांचे लेबल दिसते. ते तारे प्रामुख्याने इंधनबचतीचे आहेत. पाच तारे बघून ब्रेक चांगला लागेल असे कोणी समजू नये.

मोटरसायकलबद्दल थोडेच सांगतो, कारण ती प्रत्येकाच्या घरी आहे आणि तिच्या टायरकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मागच्या टायरवर भार-क्रमांक ५४ असेल तर तो २१२ किलोचा. गाडीच्या मागच्या अंगाचे वजन, दोन माणसे, मधे पोर, आणि मांडीवर पेंडीचे पोते. बेरीज तुम्हीच करा.

आमच्या पिकअपचे उरलेले तीन टायर उतरवले, तेव्हा जुने टायर घेणारा दारात आला. तिघांचे तीन हजार देतो म्हणाला. नक्षी बघून त्याचे डोळे चमकले होते. पैशाची तेव्हा फार गरज होती, दवाखान्याचे देणे होते. भावाने आतून करवत आणली आणि त्याच्या समोरच तिन्हींच्या कुशी कापल्या. तो शिव्या देत गेला. ते टायर आता विहिरीजवळच्या आंब्यांना आळी म्हणून घातले आहेत.

पुतणीचा पाय जुळला. थंडीत दुखतो, मांडी घालून फार वेळ बसता येत नाही. तिचे लग्न झाले, आता ती नाशिकला असते. मागच्या महिन्यात ट्रॉलीला नवे टायर घेतले, हो, नवे, आणि दुकानातूनच तिला फोन लावला. ती म्हणाली, "काका, आधी चार आकडे वाचा." मी वाचले, ३१२५. "दुसऱ्याचे?" तेही वाचले. चारही टायर होईपर्यंत तिने फोन ठेवू दिला नाही, आणि दुकानदार तोपर्यंत माझ्याकडे बघत चहा ढवळत राहिला.